जुबिलो इवाताचा सीझन पास: बरेच महिने वापरल्यानंतर

हामामात्सु-इवाता भागात नोकरीनिमित्त आलेल्या आपल्या लोकांसाठी लिहितोय, कारण सुट्टीच्या दिवशी करायचं काय हा प्रश्न इथे सगळ्यांनाच पडतो आणि दर वेळी शिंकान्सेन पकडून टोकियोला जाणं खिशाला झेपत नाही. आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. जुबिलो इवाता या इथल्या फुटबॉल क्लबचा सीझन पास पैसे वसूल आहे. पण दर वर्षी ट्रॉफी उचलणारी टीम पाहिजे असेल तर दुसरीकडे बघा, ते दिवस गेले.

२०२४ ला टीम जे१ म्हणजे जपानच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये अठरावी आली आणि खाली घसरली, त्यानंतर मी पास घेतला. म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनचा पास. ऑफिसमधले एक सेनपाई (सीनियर) म्हणाले आत्ता घेतोस? पण जे२ मध्ये २० टीम, ३८ मॅच, त्यातल्या १९ घरच्या मैदानावर, आणि सीट म्हणाल तर कॉर्नर फ्लॅगच्या इतक्या जवळ की डिफेंडर एकमेकांवर काय ओरडतायत ते कळतं (जपानी शिव्या यात फुकट शिकून होतात). यामाहा स्टेडियमला मधे रनिंग ट्रॅक नाही, सगळं मिळून १५ हजारांच्या आसपास लोक बसतात, त्यामुळे मैदान नाकासमोर. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार बघत मोठा झालेल्या माणसाला हे लगेच पटतं, फक्त इथे मॅच संपल्यावर भांडण होत नाही, लोक आपापला कचरा उचलून रांगेत बाहेर पडतात.

जायचं कसं: हामामात्सुहून तोकाइदो लाइनची साधी लोकल, इवाताच्या पुढचं स्टेशन मिकुरिया. हे स्टेशन २०२० ला झालं, त्याआधी लोक इवाताला उतरून बस पकडायचे नाहीतर बरंच चालायचे. मिकुरियाहूनही थोडी पायपीट आहेच, पण रस्ता चुकणं शक्य नाही, फिकट निळ्या जर्सीवाल्यांच्या मागे चालत राहायचं. त्या रंगाला इथे सॅक्स ब्लू म्हणतात.

आणि स्टेडियमला लागूनच यामाहा मोटरचं हेडऑफिस आणि कारखाना. मला या क्लबची सगळी गंमत इथेच वाटते. जर्सीवर छातीवर यामाहा, स्टेडियमचं नाव यामाहा, पण क्लबच्या नावात यामाहा कुठेच नाही. का नाही? तर १९९३ ला जे-लीग सुरू झाली तेव्हा पहिले चेअरमन सबुरो कावाबुची यांनी हट्टच धरला होता की क्लबचं नाव गावाचं पाहिजे, कंपनीचं नाही. त्याआधीची जपान सॉकर लीग म्हणजे सगळा कंपन्यांचा कारभार. प्लेअर कंपनीच्या पगारावर, बरेच जण सकाळी ऑफिस आणि दुपारनंतर प्रॅक्टिस, प्रेक्षक म्हणजे बहुतेक कंपनीचेच लोक. यामाहाची टीमही तशीच सत्तरच्या दशकातली. १९८२ चा एम्परर्स कप (जपानची मोठी नॉकआउट स्पर्धा) त्यांनी जिंकला, तेव्हा हान्स ऊफ्ट नावाचे डच कोच मदतीला येऊन गेले होते, तेच पुढे जपानच्या नॅशनल टीमचे कोच झाले आणि नंतर परत इवातालाच आले. १९८७-८८ ला यामाहाने लीगही मारली. एवढं करूनही जे-लीगच्या पहिल्या दहा क्लबात नंबर लागला नाही! शिझुओका प्रांतातून घेतलं शिमिझु एस-पल्सला, ज्यांच्यामागे एकटी अशी मोठी कंपनी नव्हती, गावातल्या लोकांनी उभा केलेला क्लब. एस-पल्सवाल्यांशी यांचं का जमत नाही याचं अर्धं उत्तर मला तरी इथेच दिसतं.

मग यामाहाची टीम जेएफएल या खालच्या लीगमध्ये खेळत राहिली. मासाशी नाकायामा १९९० ला कॉलेजातून थेट इथे आलेला, याच प्रांतातला पोरगा, तो टीम सोडून गेला नाही. १९९३ ला जेएफएलमध्ये दुसरा नंबर आला आणि १९९४ पासून जुबिलो इवाता या नावाने जे-लीगमध्ये एन्ट्री. आजही जेमतेम दीड-पावणेदोन लाख वस्तीचं गाव, आणि तिथे त्याच वर्षी खेळायला कोण यावं, तर १९९० च्या वर्ल्ड कपचा टॉप स्कोरर साल्वातोरे स्किलाची. पुढच्या वर्षी डुंगा, म्हणजे वर्ल्ड कप उचललेला ब्राझीलचा कॅप्टन. इथे पैसा कंपनीचाच बोलत होता हे उघड आहे. पण डुंगा नुसता पेन्शन घ्यायला आला नव्हता, चूक झाली की सहकाऱ्यांवर मैदानातच खेकसायचा, १९९७ ला पहिल्यांदा लीग जिंकली तेव्हा लीगचा एमव्हीपी (सर्वोत्तम प्लेअर) तोच. हामामात्सु आणि इवाताच्या कारखान्यांत ब्राझीलहून आलेले हजारो कामगार राहतात. माझ्या मागच्या रांगेत अशा एका कुटुंबातले आजोबा बसतात, त्यांच्या दृष्टीने डुंगानंतर इथे मिडफिल्डर झालाच नाही. रेफरीला शिव्या पोर्तुगीजमध्ये, टाळ्या जपानी पद्धतीने.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं म्हणजे नाद खुळा. १९९८ च्या एप्रिलमध्ये नाकायामाने सलग ४ मॅचमध्ये हॅटट्रिक मारली, गिनीजमध्ये नोंद झाली, त्या सीझनला २७ मॅचमध्ये ३६ गोल. आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये जपानचा वर्ल्ड कपमधला पहिलावहिला गोलही त्याचाच. १९९९ ला तेहरानमध्ये लाखभर इराणी प्रेक्षकांसमोर एस्तेगलालला २-१ हरवून आशियाई चॅम्पियन. त्याच वर्षाअखेर लीगची फायनल, समोर कोण, तर शिमिझु! दोन्ही टीम एकाच प्रांतातल्या, निकाल पेनल्टीवर, जिंकली इवाता. मग २००१ मध्ये हिरोशी नानामीला मधोमध ठेवून पाच मिडफिल्डरची ती एन-बॉक्स नावाची रचना बसवली, क्लब वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये रिआल माद्रिदशी खेळायचं होतं म्हणून, आणि ती स्पर्धाच रद्द झाली. गावातले जुने लोक हरलेल्या फायनल विसरलेत पण न झालेली ही मॅच विसरत नाहीत, दोन बियर झाल्या की विषय निघतोच. २००२ ला तेव्हाच्या लीगचे दोन्ही टप्पे जिंकले, हे आधी कोणालाच जमलं नव्हतं, स्ट्रायकर ताकाहाराचे २६ गोल. वरच्या डिव्हिजनची शेवटची ट्रॉफी तीच.

आता दुसरी बाजू, आणि पास घेण्याआधी ही माहिती पाहिजेच. २०१३ ला पहिल्यांदा खाली, मग वर, २०१९ ला खाली, २०२१ ला जे२ जिंकून वर, २०२२ ला परत खाली. त्यात एका कोलंबियन प्लेअरच्या कराराच्या प्रकरणात फिफाने नवीन प्लेअर घ्यायला बंदी घातली, म्हणजे २०२३ ला असलेल्या पोरांवरच गाडी ढकलायची. तरी शेवटच्या दिवशी शिमिझुची मॅच ड्रॉ झाली, इवाता जिंकली आणि दुसऱ्या नंबरने वर गेली. पुढच्या वर्षी उलटं, शिमिझु जे२ जिंकून वर आणि इवाता खाली. त्यामुळे शिमिझुसोबतचा जो डर्बी बघायला म्हणून लोक पास घेतात तोच सध्या लीगमध्ये नाही. फुजिएदासोबतची मॅच आहे, तीही शिझुओकाचीच, पण ती धार नाही.

जे२ मध्ये एक वेगळी मजा मात्र आहे, जुन्या कंपनी टीमचं संमेलनच भरतं इथे. आकिता म्हणजे मूळची टीडीकेची टीम, तोकुशिमा ओत्सुका फार्माची, यामागाता एनईसीची, आणि २०२५ पर्यंत चिबाही होती, फुरुकावा इलेक्ट्रिकची. ओमिया तर एनटीटीची होती, ती २०२४ ला रेड बुलने विकत घेतली, आणि कंपनीचं नाव लावायला बंदी म्हणून आता नुसतं आरबी ओमिया. कावाबुचींचा नियम अजून जिवंत आहे म्हणायचा, वाकवला असला तरी.

आणि ज्याला हा सगळा विषय खरंच कळून घ्यायचा असेल त्याने तेन्र्यु नदी ओलांडून हामामात्सुच्या मियाकोदाला होंडा एफसीची एखादी मॅच बघावी. ही टीम नव्वदच्या सुरुवातीला चांगली तगडी होती, पण होंडाने प्रोफेशनल व्हायचं नाही ठरवलं, तेव्हा कोच मियामोतो आणि कुरोसाकी, हासेगावा, होंडा यासुतो असे प्लेअर काशिमाला गेले आणि काशिमा मोठा क्लब झाला. होंडा एफसी आजही कंपनीचीच टीम आहे, २०१६ ते २०१९ सलग ४ वेळा जेएफएल जिंकली तरी वर जायला अर्जच नाही, म्हणून तिला जे-लीगचा दारावरचा पहारेकरी म्हणतात. २०१९ च्या एम्परर्स कपात त्यांनी जे१ मधल्या उरावा रेड्सला घरी पाठवलं. मला ही टीम बघायला आवडते, खोटं कशाला बोलू. पण तिथे शांतपणे बसून मॅच बघून घरी येतो, आणि इवाताला घसा बसतो. आपल्याकडे महिंद्रा युनायटेडचं काय झालं आठवा, २००५-०६ ला नॅशनल लीग जिंकलेली टीम २०१० ला कंपनीने एका निर्णयात बंद करून टाकली. मुंबईत गाव म्हणून तिच्यामागे उभं राहायला कोण होतं? इवातामध्ये दर वर्षी एका मॅचला शहरातल्या प्राथमिक शाळांची वरच्या वर्गातली पोरं एकत्र आणून बसवतात, गोल झाला की अख्खा स्टँड किंचाळतो, रात्री कान वाजत राहतात. त्यातली काही पोरं पुढच्या मॅचला आईबापाला ओढून आणतात. कंपनी हात आखडता घेईल तेव्हा हीच पोरं कामाला येतील. यामाहाचा आधार नसता तर तीन-तीनदा खाली जाऊन परत उभा राहणं या एवढ्या गावाला झेपलं नसतं हेही तितकंच खरं आहे, त्यामुळे नाव काढलं म्हणजे कंपनी गेली असं कोणी समजू नये.

काही बारीकसारीक. शाकाहारी असाल तर घरून डबा घ्या, हामामात्सु ग्योझात (मोमोसारखा प्रकार) डुकराचं मांस असतं, मी फ्राइज आणि एदामामेवर (सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा) भागवतो आणि बायको थालीपीठ देते. कॅन आणि काचेची बाटली आत नेता येत नाही. जुलै-ऑगस्टच्या मॅच संध्याकाळी असतात तरी घामाने अंघोळ होते, टॉवेल आणि पंखा पाहिजेच. गोलमागच्या सीटवर ९० मिनिटं उभं राहून उड्या मारायच्या असतात, लहान मुलं असतील तर बाजूचा स्टँड बरा. मोठ्या मॅच कधीकधी फुकुरोइच्या एकोपा स्टेडियमला होतात, २००२ ला रोनाल्डिन्होने इंग्लंडवर तो लांबून गोल मारला ते मैदान, उतरायचं आइनो स्टेशनला. एकदा जाऊन या, पण तिथे ट्रॅक मधे येतो, प्लेअर लांब दिसतात.

पुढचा पास घ्यायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा, २०२६ पासून जे-लीगचं कॅलेंडरच बदलतंय, सीझन ऑगस्टमध्ये सुरू होऊन पुढच्या उन्हाळ्याआधी संपणार, आणि त्याआधी मधल्या काळात एक छोटी वेगळी स्पर्धा. तेव्हा पास कोणत्या मॅचना चालतो ते वाचून मगच पैसे भरा. मी घेणार आहे, डिव्हिजन कुठलीही असो.