बायोप्सीच्या दिवशीच कोड टाकायचा, की रिपोर्टची वाट पाहायची?

अमेरिकेतल्या त्वचारोग क्लिनिकचे चार्ट कोड करणाऱ्यांपुढे, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदींवरून विमा बिलाचे कोड लावणाऱ्यांपुढे, हा प्रश्न सतत येतो. रुग्णाच्या पाठीवर वेड्यावाकड्या कडांची काळी वाढ आहे, डॉक्टरांनी नमुना घेतलाय आणि नोटमध्ये ‘मेलानोमाची (त्वचेच्या घातक कर्करोगाची) शंका’ असं लिहिलंय. पॅथॉलॉजी रिपोर्ट अजून यायचा आहे. विमा कंपनीला क्लेम आज पाठवायचा की होल्डवर ठेवायचा? दोन्ही पद्धतींनी काम चालतं आणि दोन्हींच्या बाजूने बोलता येतं. माझं मत आधीच सांगते. नुसती बायोप्सी असेल तर त्याच दिवशी पाठवायला हरकत नाही. पूर्ण वाढ कापून काढली असेल, तर मात्र थांबायलाच हवं.

बायोप्सीचा सीपीटी कोड, म्हणजे केलेल्या कामाचा कोड, नमुना कसा घेतला यावर ठरतो, त्यात काय निघालं यावर नाही. २०१९ पासून तीन पद्धतींना तीन कोड आहेत: वरून तासून घेतला तर १११०२, पंचने घेतला तर १११०४ आणि खोल छेद देऊन घेतला तर १११०६. रिपोर्ट काहीही आला तरी हे बदलत नाहीत. निदानाच्या जागी आयसीडी या आजारांच्या कोड-यादीतला डी४९.२ जातो, म्हणजे त्वचेवरची अशी वाढ जिचं स्वरूप अजून सांगितलेलं नाही. त्यासाठी नोटमध्ये ‘ग्रोथ’, ‘ट्यूमर’ किंवा ‘निओप्लाझम’ यापैकी काहीतरी हवं. नुसतं ‘लिजन’ लिहिलं असेल तर एल९८.९.

इथे दोन चुका वारंवार दिसतात. पहिली म्हणजे शंकेवरूनच मेलानोमाचा सी४३ टाकणं. बाह्यरुग्ण विभागात ‘शक्यता’, ‘संशय’, ‘याच्याशी सुसंगत’ अशा शब्दांवरून निदान कोड करता येत नाही. रुग्ण दाखल असेल तर डिस्चार्जच्या वेळी नियम उलटा असतो, त्यामुळे रुग्णालयाचे चार्ट करून इकडे आलेले कोडर हमखास इथे अडखळतात. परिणाम मात्र रुग्णाला भोगावा लागतो. साधा तीळ निघाला तरी विमा कंपनीच्या नोंदीत कर्करोग राहतो, आणि तो पुसायला महिने जातात.

दुसरी चूक म्हणजे रिपोर्टची वाट पाहताना डी४८.५ वापरणं. हा कोड अनिश्चित स्वरूपासाठी आहे, पण ती अनिश्चितता पॅथॉलॉजिस्टची असते. त्यांनी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि तरीही त्या बिनाइन (साध्या) की मॅलिग्नंट (कर्करोगाच्या) हे ठरवता आलं नाही, असा त्याचा अर्थ. रिपोर्टच आला नसेल तर हा कोड लागू होऊ शकत नाही.

पूर्ण काढून टाकलेल्या वाढीचा हिशेब वेगळा. इथे सीपीटीचेच दोन गट आहेत: बिनाइनसाठी ११४००पासून पुढे, मॅलिग्नंटसाठी ११६००पासून पुढे. कोणता गट हे रिपोर्टशिवाय कळत नाही. अंदाजाने बिनाइन पाठवलं तर नंतर सुधारित क्लेम करावा लागतो, आणि अंदाजाने मॅलिग्नंट पाठवलं तर वरचाच अनर्थ. थांबल्याने पैसे उशिरा येतात हे खरं, पण मेडिकेअर या सरकारी विम्याला क्लेम पाठवायला सेवेच्या तारखेपासून वर्षभराची मुदत असते. काही दिवसांच्या होल्डने काही बिघडत नाही. बिघडतं ते होल्डवरची यादी कुणीच उघडून पाहत नाही तेव्हा.

थांबून हाती येतं ते महत्त्वाचं आहे. पेशी वरच्या थरातच असतील तर इन सिटू मेलानोमा, पाठीसाठी डी०३.५९. खाली उतरल्या असतील तर सी४३.५९. बेसल सेल आणि स्क्वेमस सेल कर्करोगासाठी सी४४ आहे, तर स्क्वेमस इन सिटू डी०४मध्ये जातो. इन सिटू असला तरी काढण्याचा सीपीटी मॅलिग्नंट गटातलाच घेतात.

आयसीडीचा कोड मात्र इथेच थांबतो. सी४३ खोली सांगत नाही. कर्करोगाचे टप्पे ठरवणाऱ्या एजेसीसीच्या निकषांच्या आठव्या आवृत्तीनुसार, जी अमेरिकेत २०१८ पासून लागू आहे, व्रण नसलेला ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी खोलीचा मेलानोमा टी१ए या वर्गात असतो. ०.८ ते १ मिलिमीटर असेल, किंवा त्याहून उथळ पण व्रण असलेला असेल, तर टी१बी. लसिकाग्रंथी तपासायची का, ही चर्चा या फरकावर सुरू होते. म्हणून ब्रेस्लो खोली (मेलानोमा त्वचेत किती खोल उतरला ते माप), व्रण आणि कडा मोकळ्या आहेत का, हे चार्टमध्ये शब्दांत लिहिलेलं असायलाच हवं. पुढचे डॉक्टर कोड वाचून उपचार ठरवत नाहीत.

आकाराच्या बाबतीत मात्र रिपोर्टवर अजिबात विसंबू नये. फॉर्मलिनमध्ये ऊतक आकसतं. वाढीचा सर्वांत मोठा व्यास आणि दोन्ही बाजूंना सोबत कापलेल्या निरोगी त्वचेची सर्वांत अरुंद कड, हे माप कापण्याआधी घेऊन सर्जनने नोटमध्ये लिहायचं असतं. पाठीवरची ०.६ सेंटीमीटरची वाढ आणि दोन्हीकडे ०.५ कड, असं लिहिलं असेल तर एकूण १.६, म्हणजे ११६०२. कड लिहिलीच नसेल तर ती गृहीत धरता येत नाही. मग फक्त ०.६ उरतात आणि कोड ११६०१ होतो. सर्जनने केलेलं काम कागदावर कमी दिसतं. कोडरने सर्जनकडे क्वेरी पाठवायची असेल तर पहिली याचसाठी पाठवावी.

कडांवर पेशी राहिल्या म्हणून पुन्हा कापलं आणि दुसरा रिपोर्ट स्वच्छ आला, तरी दुसऱ्या वेळीही मॅलिग्नंट गटच लावायचा, कारण शस्त्रक्रिया कर्करोगासाठीच झाली. ती पहिलीच्या दहा दिवसांच्या ग्लोबल काळात (ज्यातली देखभाल पहिल्याच फीमध्ये धरलेली असते) झाली असेल तर मॉडिफायर ५८ जोडायचा, म्हणजे ही त्याच उपचाराची पुढची पायरी आहे असं सांगणारी खूण. उपचार संपून रुग्ण फक्त तपासणीला येऊ लागला, की पूर्वेतिहासाचे कोड लागतात: मेलानोमासाठी झेड८५.८२० आणि इन सिटू मेलानोमासाठी झेड८६.००६.