एफडीसारखंच आहे, बाई

३१ मे २०१८ रोजी मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेणं) मिळून २१ लाखांच्या आसपास रक्कम जुलैच्या पहिल्या आठवड्यात साताऱ्यातल्या बँकेत माझ्या खात्यावर जमा झाली. तिसऱ्या दिवशी बँकेतून फोन आला. एवढी रक्कम बचत खात्यात पडून राहिली तर तुमचंच नुकसान आहे, मी घरी येऊन समजावून सांगतो, असं रिलेशनशिप मॅनेजर म्हणाला. माझी रक्कम जमा झाल्याचं त्याला इतक्या लगेच कसं कळलं, हा प्रश्न तेव्हा मला पडायला हवा होता.

भर पावसात मोटारसायकलवर आला. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. रेनकोट बाहेर काढून ठेवला, पाय पुसून आत आला, पाया पडला. कोरेगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतच शिकलो म्हणाला, आणि पहिल्या वाक्यापासून मला ‘बाई’ म्हणू लागला. ज्या हाकेला मी चौतीस वर्षं ओ दिली, तीच हाक. माझा अर्धा विश्वास तिथेच बसला, हे मी आज स्पष्ट सांगते, कारण निवृत्त माणसाला गाठणारे लोक याच वाटेनं घरात येतात.

त्याचं बोलणं मला अजून पाठ आहे. “बाई, हा डेट फंड आहे. यात शेअर नसतात. कंपन्यांना कर्ज द्यायचं आणि व्याज घ्यायचं, एफडीसारखंच आहे. एफडीला पावणेसात टक्के मिळतात, इथे साडेनऊपर्यंत जातं. दर महिन्याला सातेक हजार खात्यात येतील, तेही करमुक्त.”

मी विचारलं, “आणि मुद्दल?”

“मुद्दल तिथंच राहतं बाई. डेट फंडात मुद्दल कुठं जातंय?”

हे शेवटचं वाक्य कुठल्याच कागदावर नव्हतं. मी १२ लाखांचा चेक लिहिला. त्यानं अर्जाची चार पानं पुढे केली. सही करायच्या जागी पेन्सिलनं बारीक फुल्या मारून आणल्या होत्या. बाकीचे रकाने ऑफिसात जाऊन भरतो, तुम्हाला कशाला त्रास, म्हणाला. मी फुल्या बघून सह्या केल्या. या फुल्यांबद्दल पुढे लिहिणार आहे, कारण माझी तक्रार शेवटी त्यांच्यापाशीच अडली.

सुरुवातीचे दहा महिने सगळं त्याच्या बोलण्याप्रमाणे झालं. कधी ७,१००, कधी ६,९०० रुपये खात्यात यायचे. मी दोन मैत्रिणींनाही त्याचा नंबर दिला. त्यातली एक वाचली, एक नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

जून २०१९ मध्ये एका सकाळी भाच्याचा पुण्याहून फोन आला. “मावशी, तुझ्या फंडाची एनएव्ही बघितलीस का?” एनएव्ही म्हणजे फंडाच्या एका युनिटचा त्या दिवसाचा भाव. माझ्याकडे १ लाख युनिट होते. घेतले तेव्हा भाव १२ रुपये होता. आदल्या दिवशी ११.९८ होता, त्या दिवशी ११.०२ झाला होता. एका दिवसात ९६ हजार रुपये गेले. फंडानं एका गृहकर्ज कंपनीचे रोखे घेतले होते, म्हणजे तिला कर्ज दिलं होतं, ती कंपनी व्याज द्यायला चुकली, आणि त्या रोख्यांची किंमत फंडाला खाली आणावी लागली. मी बँकेत धावले. तो म्हणाला, हे कागदावरचं नुकसान आहे, विकू नका, सहा महिन्यांत भरून येतं. शिवाय आत्ता काढले तर एक्झिट लोड लागेल. एक्झिट लोड हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. माझ्या फंडात वर्षाच्या आत पैसे काढले तर ३ टक्के, दोन वर्षांच्या आत काढले तर २ टक्के कापून घेत.

महिन्याचा लाभांश जवळजवळ थांबला. पुढच्या दहा महिन्यांत सगळे मिळून ९ हजार आले. दिवाळीनंतर बँकेत गेले तर त्या मुलाची बदली झाली होती. त्याच्या खुर्चीवर बसलेल्या बाईंनी माझी फाईलच माहीत नसल्याचं सांगितलं.

मग मार्च २०२० आला, टाळेबंदी लागली, आणि २३ एप्रिलच्या रात्री फ्रँकलिन टेम्पलटन या म्युच्युअल फंड कंपनीनं आपल्या ६ डेट योजना बंद करत असल्याचं जाहीर केलं. लोकांचे सुमारे २५ हजार कोटी अडकले. माझा फंड त्यांचा नव्हता आणि त्यांच्या गुंतवणूकदारांना पुढे टप्प्याटप्प्यानं पैसे मिळाले, हेही खरं. पण त्या आठवड्यात हे कुणाला माहीत होतं? आपलाही दरवाजा उद्या बंद होईल या भीतीनं मी भाच्याला सांगून सगळे युनिट विकले. भाव मिळाला ९.७४. त्यातून २ टक्के कापले गेले आणि हातात आले ९ लाख ५४ हजार ५२०. आधीचे लाभांश धरले तरी १२ लाखांचे साडेदहा लाखसुद्धा झाले नाहीत.

आता मी जे शिकले ते सांगते. हे मला कुणी २०१८ मध्ये सांगितलं असतं तर पेन्सिलच्या फुल्यांपर्यंत गोष्ट गेलीच नसती.

मला विकलेला फंड ‘क्रेडिट रिस्क फंड’ प्रकारातला होता. २०१७ मध्ये सेबीनं, म्हणजे भांडवली बाजाराच्या सरकारी नियामकानं, म्युच्युअल फंडांचे प्रकार ठरवून दिले. त्यात या प्रकाराची व्याख्या अशी आहे की किमान ६५ टक्के पैसा एए किंवा त्याहून खालच्या मानांकनाच्या कंपनी रोख्यांत असला पाहिजे (मानांकन म्हणजे परतफेडीच्या खात्रीचा दर्जा, सर्वात वर एएए). म्हणजे कमी प्रतीच्या कर्जदाराला पैसे देणं हाच त्या फंडाचा ठरवलेला धंदा. जोखीम हा शब्द योजनेच्या नावातच होता. त्या मुलानं मात्र तीन भेटींत ते नाव एकदाही पूर्ण उच्चारलं नाही, कायम ‘आपला डेट फंड’ म्हणाला. उलट ‘कॉर्पोरेट बाँड फंड’ प्रकारात किमान ८० टक्के पैसा एए प्लस आणि त्यावरच्या रोख्यांत ठेवावा लागतो. दोन्ही डेट फंडच, पण त्यांच्यात घरजावई आणि भाडेकरू एवढा फरक आहे.

मला सगळ्यात उपयोगी पडलेला आकडा म्हणजे यील्ड टू मॅच्युरिटी, फंडातले रोखे मुदत संपेपर्यंत धरले तर वर्षाला किती टक्के सुटतील तो. फंडाच्या मासिक पत्रकात तो छापलेला असतो. माझ्या फंडाचा जुलै २०१८ चा आकडा मी नंतर काढून पाहिला, १०.३ टक्के. त्याच सुमारास केंद्र सरकारचा दहा वर्षांचा रोखा पावणेआठच्या आसपास व्याज देत होता. वरचे अडीच टक्के कोण देत होतं आणि का? गावात ज्याला कुणी उधार देत नाही तोच सावकाराला वाढीव व्याज कबूल करतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. फंडाच्या पत्रकात तेच इंग्रजीत लिहिलेलं असतं म्हणून ओळखता आलं नाही. आणि मानांकनाचंही तसंच. जिला २०१८ च्या उन्हाळ्यात सर्वोच्च एएए मानांकन होतं ती आयएल अँड एफएस ही पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी कंपनी सप्टेंबरात डीवर, म्हणजे थकबाकीदारात गेली. वरच्या पायरीची ही गत, तर खालच्या पायरीवरच्या कंपन्यांवर १२ लाख ठेवायला मला का लावलं?

सरकारी रोख्यांच्या गिल्ट फंडात पैसे बुडण्याची भीती नसते, पण भाव मात्र हलतो. व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांची किंमत उतरते. पत्रकात मॉडिफाइड ड्युरेशन ६ लिहिलं असेल तर दर एक टक्का वाढल्यावर फंड साधारण ६ टक्के खाली येतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो, ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला, तेव्हा लांब मुदतीचे फंड धरून बसलेल्यांना हे समजलं. दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा असेल तर ड्युरेशनही तेवढंच छोटं असलेला फंड बघावा, हा माझा आता नियम आहे.

‘करमुक्त’ या शब्दाचं काय? माझ्या हातात येणाऱ्या लाभांशावर मला कर नव्हता, हे खरं. पण तो हातात येण्याआधीच फंड त्यावर २९.१२ टक्के लाभांश वितरण कर भरत होता. पेन्शन धरून मी स्वतः आयकराच्या फक्त ५ टक्क्यांच्या टप्प्यात होते. त्या पद्धतीचा कर १ एप्रिल २०२० पासून गेला, आता लाभांश ज्याच्या त्याच्या उत्पन्नात धरतात. आणि तो लाभांश म्हणजे व्याज नव्हतंच, माझ्याच एनएव्हीतून काढून दिलेली रक्कम होती. एप्रिल २०२१ पासून सेबीनं त्या पर्यायाचं नावच बदलून त्यात ‘भांडवल काढून देणे’ हा अर्थ घातला. ‘एफडीपेक्षा कर कमी’ हेही आता कुणी सांगत असेल तर ऐकू नका. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडाचा नफा तुमच्या टप्प्याप्रमाणेच करपात्र आहे.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. ५५ पूर्ण झालेल्या आणि नियत वयोमानानं निवृत्त झालेल्या माणसाला साठीच्या आतही ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवता येतात. त्या वेळी अट अशी होती की निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून एका महिन्यात खातं उघडायचं. मर्यादा १५ लाख, व्याज ८.३ टक्के, हमी सरकारची. माझ्या १२ लाखांवर दर तिमाहीला २४,९०० रुपये आले असते, करपात्र असले तरी ठरलेले. हे खातं त्याच बँकेत उघडता येत होतं. तो मुलगा माझ्या घरी आला तेव्हा माझ्या हातात अजून तीन आठवडे होते. त्यानं योजनेचं नाव काढलं नाही, आणि मला ती कळली तेव्हा मुदत संपली होती. फंडाच्या सहामाही एकत्रित विवरणात विक्रेत्याला दिलेलं कमिशन रुपयांत छापतात. माझ्या १२ लाखांवर बँकेला सहा महिन्यांचे ६,४८० रुपये मिळाले होते. मला ज्या योजनेत घातलं ती का निवडली, याचं उत्तर मला त्या ओळीत मिळालं. मध्यस्थाशिवाय थेट फंडाकडून घेण्याच्या ‘डायरेक्ट’ पर्यायात हे कमिशन नसतं, हेही मला तेव्हाच कळलं.

आता फुल्या. मी बँकेकडे लेखी तक्रार केली. तीन आठवड्यांनी उत्तराबरोबर माझ्याच अर्जाची छायाप्रत आली. त्यात ईयूआयएन नावाचा एक रकाना होता. विकणाऱ्या माणसाचा नोंदणी क्रमांक तिथे लिहायचा असतो. तो कोरा होता, आणि त्याच्याखाली बारीक इंग्रजीत छापलं होतं की हा रकाना मी जाणूनबुजून कोरा ठेवला आहे, या व्यवहारात कुणाही कर्मचाऱ्यानं मला सल्ला दिलेला नाही. त्याखाली माझी सही. दुसऱ्या कागदावर जोखीम घेण्याच्या तयारीपुढे ‘आक्रमक’ या शब्दावर बरोबरची खूण, तीही माझ्या सहीसकट. खूण माझ्या हातची नव्हती. मी आयुष्यभर वह्या तपासल्या आहेत, मला हात ओळखता येतो. पण सही माझी होती. पुढच्या पायरीवरही हेच दोन कागद आडवे आले आणि मी हरले. तो मुलगा भोळेपणानं चुकला असं मी एके काळी स्वतःला समजावत होते. कोऱ्या रकान्याखाली फुली मारून आणणारा माणूस भोळा नसतो.

ज्यांच्याकडे असे कागद अजून आहेत त्यांनी थांबू नये. बँकेनं विकलेल्या म्युच्युअल फंडाबद्दलची तक्रार आधी बँकेकडे लेखी द्यायची, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फंडाविरुद्धची तक्रार सेबीच्या ‘स्कोअर्स’ या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर करता येते. विकणाऱ्याचं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर लिहून मागा. ‘मुद्दल कुठं जातंय’ हे वाक्य मी लिहून मागितलं असतं तर एक तर ते पुरावा झालं असतं, नाही तर त्यानं ते लिहिलंच नसतं.

जून २०२४ मध्ये माझी एक सहकारी निवृत्त झाली आणि तिलाही फोन आला. शब्द तेच, एफडीसारखंच आहे. या वेळी मी तिच्याबरोबर शाखेत गेले. अर्ज पुढे आला, फुल्या होत्याच. मी म्हटलं, “हा रकाना आधी भरा, तुमचा क्रमांक लिहा, मग ती सही करेल.” विकणारा म्हणाला, “मॅडम, तो भरायची गरज नसते, सगळेच कोरा ठेवतात.” मी म्हटलं, “आम्ही नाही ठेवणार.” अर्ज घेऊन तो आतल्या केबिनमध्ये गेला. दहा मिनिटांनी रिकाम्या हातानं बाहेर आला. साहेब जेवायला गेलेत, उद्या या म्हणाला.

आम्ही चार खुर्च्या पलीकडच्या काउंटरवर गेलो आणि ज्येष्ठ नागरिक योजनेचा अर्ज मागितला. आता मुदत तीन महिन्यांची आहे, मर्यादा ३० लाखांची. तिथल्या मुलीला तो अर्ज शोधायला पाच मिनिटं लागली, खालच्या खणात होता. माझ्या सहकारीनं चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, रकाने स्वतःच्या हातानं भरले आणि १८ लाख ८.२ टक्क्यांवर ठेवले. पूर्ण तिमाहीला ३६,९०० रुपये येतात तिला.