सोडा ब्रेड: पाहुण्यांसाठी कोणता, भेट द्यायला कोणता?

सोडा ब्रेड, म्हणजे यीस्टऐवजी खायच्या सोड्यानं फुगणारा आयर्लंडचा ब्रेड, करायचं ठरवलं तरी पुढचे प्रश्न उरतातच. पांढरा की ब्राऊन, साधा की बेदाणे घातलेला, आणि कुणाला द्यायचा असेल तर अख्खा ब्रेड द्यावा की बरणीत भरून नुसतं मिश्रण? मी एकच गोष्ट बघते: ओव्हनमधून निघाल्यापासून सुरी लागेपर्यंत किती वेळ जाणार आहे?

याला कारण आहे. आयर्लंडच्या ओल्या, थंड हवेत पिकणारा गहू मऊ, त्यात ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिन, कमी. यीस्टच्या ब्रेडला तो फारसा साथ देत नाही. १८३०-४० च्या सुमारास खायचा सोडा तिथल्या सामान्य घरांत पोचला. लोणी काढून उरलेलं आंबट ताक घरात असायचंच. ताकातलं आम्ल आणि सोडा भेटले की वायू तयार होतो आणि पीठ फुगतं. मळणं नाही, फुगायला तासन्‌तास ठेवणं नाही. ‘बॅस्टिबल’ नावाच्या बिडाच्या भांड्यात गोळा ठेवायचा, झाकणावर पीटचे (दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीसारख्या इंधनाचे) निखारे रचायचे, की झालं. अस्सल साध्या ब्रेडमध्ये पीठ, मीठ, सोडा आणि ताक एवढंच असतं. चरबी जवळजवळ नाही, साखर नाही, म्हणून तो लवकर सुकतो. आपल्या भाकरीचंच गणित: तव्यावरून उतरलेली वेगळी आणि सकाळची संध्याकाळी वेगळी.

पांढरा गोल ब्रेड हा त्याच दिवसाचा. ४५० ग्रॅम मैदा, सपाट चमचाभर सोडा, चमचाभर मीठ आणि साडेतीनशे ते चारशे मिली ताक. हाताची बोटं फाकवून पीठ ताकात फिरवायचं, गोळा जमला की थांबायचं. जास्त हात लावला की ब्रेड चिवट होतो. वरून खोल फुलीचा काप द्यायचा. त्यातून पऱ्या बाहेर जातात असं तिथे सांगतात. प्रत्यक्षात त्या कापामुळे जाड गोळ्याच्या मध्यापर्यंत आच पोचते, आणि नंतर चार भाग हातानं मोडता येतात. पंधरा मिनिटं २३० अंशांवर, मग २०० वर अर्धा तास. उलटा करून बुडाला टिचकी मारली आणि पोकळ आवाज आला तर भाजला. पाहुणे तासाभरात येणार असतील तर याच्यापुढे दुसरा विचार करू नका. खारं लोणी, मार्मालेड किंवा चेडर चीजचा तुकडा, बाकी काही नको. पण तोच सकाळी करून संध्याकाळी कुणाच्या घरी नेलात तर तुमच्या हातचा गुण त्यांना कळणारच नाही.

ब्राऊन ब्रेडचं तसं नाही. उत्तर आयर्लंडमध्ये याला ‘व्हीटन’ म्हणतात. निम्मा मैदा आणि निम्मं जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ. त्यातला कोंडा ओल धरून ठेवतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही चांगला लागतो, तिसऱ्या दिवशी टोस्ट करून. गरम असताना कापू नका, आतून चिकट निघतो. पूर्ण निवल्यावर पातळ काप, त्यावर लोणी, वर स्मोक्ड सामन माशाची पट्टी आणि लिंबू. आयर्लंडच्या किनाऱ्यावर माशांच्या दाट सूपबरोबरही हाच येतो. जेवणाच्या टेबलावर पांढऱ्यापेक्षा ब्राऊनच शोभतो असं माझं ठाम मत आहे. पांढरा चहाचा, ब्राऊन जेवणाचा.

महाराष्ट्रात करणार असाल तर पोळीची बारीक कणीक घेऊ नका. ती पाणी फार पिते आणि ब्रेड दडस होतो. बेसनाच्या किंवा कणकेच्या लाडवांसाठी गिरणीतून जाडसर दळून आणतो, तसे गहू दळून घ्या. मापातला फरक पिठानुसार पडेलच, ताक थोडं हातचं राखून घाला.

बेदाण्यांचा, म्हणजे ‘स्पॉटेड डॉग’, हा पांढऱ्याचाच गोड भाऊ. मुलं असतील तर करा. टिकण्यात फार फरक नाही. अमेरिकेत १७ मार्चला, सेंट पॅट्रिक डेला, साखर, लोणी, अंडं आणि शहाजिऱ्यासारखे ‘कॅरवे’ दाणे घालून जो करतात, तो जवळजवळ केकच असतो. तो वाईट नाही आणि जास्त टिकतोही, पण आयरिश माणसाला ‘तुमचा सोडा ब्रेड’ म्हणून देऊ नका. तव्यावर चपटे भाजलेले चतकोर, ज्यांना उत्तर आयर्लंडमध्ये ‘फार्ल’ म्हणतात, ते अंडी-सॉसेजच्या भरगच्च न्याहारीत तळून खातात. भेटीच्या यादीतून ते मी सरळ वगळते.

आता भेटीकडे वळू. इथे तीन पर्याय खरे आहेत.

पहिला, ओट्सचा ब्रेड. आयर्लंडमधल्या घराघरांत होतो आणि मापाला वाटीही लागत नाही. अर्धा लिटर दह्याचा डबा भांड्यात रिकामा करायचा, त्याच डब्यानं दोन डबे ओट्स मोजायचे, एक अंडं, दोन चमचे सोडा, थोडं मीठ. केकच्या लांब टिनमध्ये १८० अंशांवर पाऊण ते एक तास. दह्यामुळे तो तीन-चार दिवस ओलसर राहतो. जवळच्या माणसाला, दुसऱ्या दिवशी न्याहारीला खाणाऱ्याला द्यायला याच्याइतका बिनधास्त पर्याय नाही. ग्लुटेन न चालणाऱ्यांसाठी तशी खूण असलेले ओट्स घेतले की झालं. अंडं न खाणाऱ्यांकडे जायचं असेल तर मात्र साधा ब्राऊनच न्या, त्यात अंडं नसतंच.

दुसरा, टी ब्रॅक. काटेकोरपणे हा सोडा ब्रेड नव्हे, पण भेटीचा राजा हाच. बेदाणे आणि मनुका कडक, बिनदुधाच्या चहात रात्रभर भिजवायच्या, सकाळी ब्राऊन शुगर, अंडं, सेल्फ रेझिंग मैदा (फुगवणारं आधीच मिसळलेला) आणि दालचिनी-जायफळ घालून मंद आचेवर तासाहून थोडा जास्त भाजायचा. चरबी अजिबात नाही, तरी डब्यात आठवडाभर चांगला राहतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो. पोस्टानं पाठवायचा, विमानातून न्यायचा, किंवा समोरचा कधी कापेल याचा नेम नाही, अशा वेळी ब्रॅक. हॅलोविनला जो ‘बार्मब्रॅक’ करतात आणि ज्यात अंगठी लपवतात, तो यीस्टचा. त्याच्या फंदात पहिल्यांदाच पडू नका.

तिसरा, बरणीतलं कोरडं मिश्रण. दिसायला सगळ्यात देखणं, आणि सगळ्यात जास्त शंका मला याच्याच बाबतीत. ज्याला ओव्हन लावायची सवय आहे त्यालाच द्या, नाहीतर बरणी फडताळात वर्ष काढते. जाडसर पिठातल्या तेलाला काही आठवड्यांत खवट वास यायला लागतो, म्हणून बरणीसाठी मैदाच जास्त घ्या. सोड्याच्या गुठळ्या राहू देऊ नका. आयरिश बायका सोडा तळहातावर घेऊन बोटानं चुरडतात तसं करा, नाहीतर ब्रेडमध्ये पिवळे डाग आणि साबणाची चव येते. सेल्फ रेझिंग पीठ मात्र बरणीत वापरू नका, त्यात फुगवणारं आधीच असतं.

अख्खा ब्रेड देताना तो निवल्याशिवाय प्लास्टिकमध्ये बांधू नका, वाफेनं कवच लिबलिबीत होतं. स्वच्छ सुती पंचा किंवा चहाचा टॉवेल गुंडाळा आणि तोही भेटीतच देऊन टाका. बरोबर चांगल्या लोण्याचा पाकीटभर तुकडा ठेवला तर तुम्ही जाताच ते ब्रेड कापतील, आणि हाच त्याला खायचा योग्य वेळ.

बरणीवर चिठ्ठी लावा: किती ताक, किती अंश, किती मिनिटं, आणि कोणत्या तारखेपर्यंत वापरायचं. आयर्लंडमधलं दुकानातलं ताक दाट असतं, आपल्याकडचं पातळ. तेव्हा भारतात देत असाल तर ‘तीन वाट्या आंबट दह्यात एक वाटी पाणी घुसळून’ असं स्पष्ट लिहा. आणि खाली ठळक अक्षरांत: मसाला ताक चालणार नाही.