वाशीत ए-झिरो पोस्टर छापायचं, तर ‘म्यू’ सांभाळा

खारघरचं कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक, रबाळे-महापेच्या कंपन्यांमधल्या प्रयोगशाळा, ठाण्यातली विज्ञान महाविद्यालयं. जीवशास्त्राची परिषद जवळ आली की यांतले बरेच जण पेन ड्राइव्ह घेऊन वाशीच्या सेक्टर १७ मधल्या एका छपाईच्या दुकानात येतात. बॅनर, नकाशे, आर्किटेक्टचे प्लॅन ही इथली रोजची कामं. प्रयोगाची नवी पद्धत मांडणारं संशोधनाचं पोस्टर मात्र बॅनरसारखं पाहून चालत नाही. निष्कर्ष मोठ्या अक्षरांत असतो, तो कुठेही छापला तरी वाचता येतो. पद्धत असते बारीक मजकुरात : कोणता बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), किती पीएच, किती मायक्रोग्रॅम अँटिबॉडी, सेंट्रिफ्यूज (नमुना गरगर फिरवून घटक वेगळे करणारं यंत्र) किती ‘जी’वर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोरावर, आणि किती मिनिटं. ते आकडे फाइलमधून कागदावर धड उतरतात का, हेच इथे तपासलं आहे.

सर्वांत घातक चूक ‘म्यू’ची. जुन्या फाइलींत ‘मायक्रो’चं चिन्ह असलेलं हे ग्रीक अक्षर (µ) बऱ्याचदा सिंबॉल फॉन्टमधून आलेलं असतं. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी ‘एम’च्या जागी म्यू बसवलेला आहे. दुकानातल्या संगणकाने फॉन्ट बदलला की म्यूचा सरळ एम होतो आणि ५ मायक्रोग्रॅमचे ५ मिलिग्रॅम होतात. हजारपट! पोस्टरसमोर उभा राहून कृती उतरवून घेणाऱ्याला ही चूक कळायला काही मार्ग नाही. अल्फाचा ‘ए’ आणि बीटाचा ‘बी’ही असाच होतो. इथला ऑपरेटर पॉवरपॉइंटची फाइल थेट उघडून द्यायला तयार असतो. ती देऊ नका. पीडीएफ करा, तिच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टच्या यादीत प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ (म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच साठवलेला) लिहिलेलं आहे का ते बघा आणि मगच द्या. पीडीएफ दिल्यावर दुकान मजकुराला हात लावत नाही, हा या दुकानाचा खरा गुण.

दुसरी चूक मापाची. ए-झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, इंचांत सुमारे ३३.१ बाय ४६.८. काउंटरवर त्याला सवयीने ‘तीन बाय चार’ (फूट, म्हणजे ३६ बाय ४८ इंच) म्हणतात. ऑपरेटरने तेच माप टाकून, प्रमाण न राखता ‘फिट’ केलं तर पोस्टर रुंदीला जवळपास ९ टक्के आणि उंचीला अडीच टक्के ताणलं जातं. गोल पेशी लंबगोल दिसतात आणि आडव्या स्केल बारने (चित्रातलं खरं अंतर दाखवणाऱ्या रेघेने) उभं अंतर मोजलं तर उत्तर चुकतं. म्हणून ‘अ‍ॅक्चुअल साइज, शंभर टक्के’ असं तोंडाने सांगा, शिवाय ऑर्डरच्या चिठ्ठीवर लिहून घ्या. एका कोपऱ्यात बरोबर १० सेंटीमीटरची रेघ ठेवा आणि छापून आल्यावर तिथेच पट्टीने मोजा. बिल मात्र १२ चौरस फुटांचं होतं, ए-झिरो १०.७६ चौरस फूट असला तरी. रोल ३६ इंची असल्याने कडेचं वाया जातं, त्यामुळे याबद्दल तक्रार नाही.

स्लाइडचा आकार सुरुवातीलाच ८४.१ बाय ११८.९ सेंटीमीटर ठेवावा. नेहमीच्या १३.३३ इंची स्लाइडवर पोस्टर रचून शेवटी मोठं केलं, तर २२० पीपीआयला (इंचाला पिक्सेल) दाबलेलं चित्र ए-झिरोवर ६३च्या आसपास येतं आणि ब्लॉटच्या (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चित्राच्या) पट्ट्यांना पायऱ्या दिसू लागतात. २० सेंटीमीटर रुंद छापायच्या चित्राला निदान १६०० पिक्सेल हवेत. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेली की बारीक अक्षरांची वाट लागते.

रंगांत दुकान मध्यम. पडद्यावर लखलखणारा जीएफपीचा (हिरवं चमकणाऱ्या प्रथिनाचा) हिरवा कागदावर शेवाळी होतो, डॅपीचा (डीएनए रंगवणाऱ्या द्रव्याचा) निळा जांभळट. यात यंत्राचा दोष थोडा, शाईच्या मर्यादेचा जास्त. प्रत्येक चॅनल (म्हणजे एकेका रंगाचं चित्र) वेगळा, करड्या रंगात छापावा आणि एकत्र चित्र मॅजेंटा-हिरव्यात करावं. लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्यांनाही ते वाचता येतं. मोठ्या काळ्या पार्श्वभूमीवर शाई जास्त बसते आणि पातळ कागद लाटांसारखा उठतो. आधी १० सेंटीमीटर रुंदीची नमुना पट्टी मागा. तिच्यात एक फ्लुरोसन्स (चमकत्या रंगद्रव्यांचं) चित्र, एक ब्लॉट, सर्वांत लहान अक्षरांची ओळ आणि चित्रातला स्केल बार घाला. पट्टीचे पैसे वेगळे लागतात, पण ते द्यावेत. ब्लॉटची फिकट पट्टी छपाईत हरवली तर चित्र मोठं करा. कॉन्ट्रास्ट वाढवून ती ‘दाखवू’ नका, तो पुराव्याशी खेळ होतो.

माल तीन प्रकारचा. फ्लेक्स स्वस्त आणि काउंटरवर त्याचाच आग्रह होतो. तो जड असतो, गुंडाळी सुटत नाही आणि सभागृहातले दिवे त्यावर चमकतात. टाळा. पॉलिस्टर कापडाची घडी बॅगेत मावते, विमानप्रवासाला तेच सोयीचं, पण धाग्यांत शाई किंचित पसरते. २४ पॉइंटखालची अक्षरं आणि ब्लॉट असतील तर कापड नको. मॅट कागद, साधारण २०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), हा पद्धतीच्या पोस्टरसाठी योग्य. चकचकीत लॅमिनेशन करू देऊ नका. दीड मीटरवर उभ्या माणसाला मजकूर दिसायला हवा, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नको.

क्यूआर कोड निदान ४ सेंटीमीटरचा ठेवा आणि भोवती कोडमधल्या चार सर्वांत लहान चौकोनांइतकी पांढरी जागा सोडा. प्रोटोकॉल्स डॉट आयओवर (प्रयोगांच्या कृती ठेवायच्या संकेतस्थळावर) पद्धतीच्या पायऱ्या ठेवून डीओआयचाच (कायमच्या ओळख-क्रमांकाचाच) कोड दिला तर दुवा टिकतो. सेंट्रिफ्यूजचा वेग आरपीएममध्ये (मिनिटाला फेऱ्या) लिहून उपयोग नाही, रोटरची त्रिज्या बदलली की जोर बदलतो. ‘जी’मध्ये लिहा. हे दुकानाचं काम नव्हे, पण नमुना पट्टी वाचताना सापडणाऱ्या चुकांत ही नेहमीची.

वेळेची शिस्त सकाळी चांगली. संध्याकाळी बॅनरांची गर्दी असते, घाईत कापलेल्या कडा तिरक्या येतात. परिषदेआधी दोन दिवस हातात ठेवा. पावसाळ्यात हार्बरने खारघरला नेताना नळीच्या आत प्लास्टिकची पिशवी घाला आणि झाकणाला टेप लावा. इंकजेटचा कागद भिजला तर आधी बारीक मजकूर पसरतो.