वेल्डिंग मशीन: ट्रान्सफॉर्मर घेऊ का इन्व्हर्टर? आधी मीटर बघा

फॅब्रिकेशनचं छोटं शेड टाकणारे पहिला प्रश्न विचारतात तो अँपिअरचा, २०० घेऊ का ४००. माझं म्हणणं, आधी मीटर सिंगल फेज आहे का थ्री फेज ते बघा, वायर किती जाड आहे आणि संध्याकाळी व्होल्टेज किती उरतं तेही बघा, अर्धा निर्णय तिथेच लागतो.

जुन्या पद्धतीची ट्रान्सफॉर्मर मशीन, ती चाकांवरची, हँडल फिरवून करंट कमीजास्त करायची, बहुतेक दोन फेजवर म्हणजे ४१५ व्होल्टवर चालते. आता हिशोब करू. दहा नंबरचा रॉड, म्हणजे ३.१५ एमएम, १२० अँपिअरवर चालवला तर आर्कला (रॉड आणि लोखंडातल्या ज्योतीला) साधारण २५ व्होल्ट लागतात, म्हणजे ३ किलोवॅट झाले. पण ट्रान्सफॉर्मरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला खरं काम करणारा वाटा, ०.४-०.५ च्या आसपास, त्यात गरम होण्यात वाया जातं ते वेगळं, त्यामुळे लाईनवरून ८-९ केव्हीए (लाईनवरचा एकूण भार) ओढले जातात आणि दोन फेजवर २०-२२ अँपिअर होतात. तिसरी फेज मोकळीच, म्हणून रॉड टेकवला की शेजाऱ्याचा बल्ब मिचमिचतो आणि मग भांडणं. हेच काम सिंगल फेजवर करायला गेलात तर जवळजवळ ४० अँपिअर, घरगुती वायरिंगला ते झेपतच नाही.

इन्व्हर्टर, म्हणजे घरातला बॅटरीवाला नव्हे, तर इलेक्ट्रॉनिक कार्डवर चालणारी उचलून नेता येणारी वेल्डिंग मशीन, तेच काम साधारण ५ केव्हीएत करतो, २३० व्होल्टवर २२ अँपिअर धरा. बॉक्सवर २०० अँपिअर लिहिलंय म्हणून १६ अँपिअरच्या सॉकेटला लावून दणादण चालवता येईल असं नाही हां. बारा नंबरचा बारीक रॉड (२.५ एमएम) ८० अँपिअरवर असेल तर १४ अँपिअरच्या आसपास जातात, तेवढं ठीक, पण दहा नंबर सलग चालवलात की प्लगची पिन हाताला चटका देते आणि सॉकेट तपकिरी पडायला लागतं. त्यापेक्षा सरळ ३२ अँपिअरचा एमसीबी, ४ स्क्वेअर एमएम कॉपर आणि इंडस्ट्रियल सॉकेट टाकून घ्या. ट्रान्सफॉर्मरला डी कर्व्हचा, म्हणजे चालू करतानाचा करंटचा झटका सोसणारा, एमसीबी लागतो, सी कर्व्हचा चालू करतानाच पडू शकतो.

'लाईट बिल निम्मं येतं' असं विकणारे सांगतात, त्यावर फार जाऊ नका. मीटर नुसते युनिट (किलोवॅट-तास) मोजत असेल, केव्हीए नाही, तर वेल्डिंग चालू असतानाचा फरक तसा थोडाच असतो. ट्रान्सफॉर्मर रिकामा चालू ठेवला तरी थोडा खातच राहतो, तेवढं बटण बंद करायची सवय ठेवा.

गावाकडे संध्याकाळी १९० व्होल्ट आणि त्यात ३० मीटर बारीक एक्स्टेन्शन, दीड स्क्वेअर एमएमची असली तर आणखी १५-१६ व्होल्ट वायरीतच संपतात, मग इन्व्हर्टर ट्रिप मारतो नाहीतर रॉड चिकटतो. ट्रान्सफॉर्मरचा आर्क अशा वेळी नुसता थंड पडतो, हँडल वाढवून रेटता येतं. शेतीपंपाच्या कनेक्शनवरून थ्री फेज ओढून वर्कशॉप चालवायचा विचार असेल तर तो सोडा, वीज कायद्याच्या कलम १२६ मध्ये बसतं ते आणि दंडासकट बिल येतं.

ड्युटी सायकल, म्हणजे दहा मिनिटांत मशीन किती मिनिटं चालवता येते, ते बघायलाच पाहिजे. २०० अँपिअर ६० टक्के म्हणजे १० मिनिटांत ६ मिनिटं, आणि सलग चालवायचं तर तीच मशीन १५५ अँपिअरची समजा. ही आकडेवारी ४० अंशांची असते, मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये किती तापतं ते तुम्हाला माहितीये.

कामाच्या दर्जाचं म्हणाल तर ६०१३ हा नेहमीच्या कामाचा रॉड दोन्हीवर चालतो. ७०१८, म्हणजे जास्त मजबूत जोडाचा रॉड, लागणारं काम असेल, ट्रॉलीची चासी वगैरे, तर इन्व्हर्टरचा डीसी आर्क एकदम स्थिर, रॉड प्लसला लावायचा. जाड प्लेटच्या कोपऱ्यात डीसीचा आर्क कधी कधी एका बाजूला पळतो, एसीला तो त्रास नाही.

रिपेअरमध्ये मात्र ट्रान्सफॉर्मर बाप आहे, वाइंडिंग जळलं तर तालुक्याला करून मिळतं आणि मोडीत काढला तरी तांब्याचे पैसे येतात (ॲल्युमिनियम वाइंडिंगचा नाही ना, घेताना विचारा). इन्व्हर्टरमध्ये ग्राइंडरचा भुगा गेला की कार्ड जातं, त्यामुळे ग्राइंडिंगच्या टेबलापासून तो लांबच ठेवा.

सिंगल फेज मीटर, ग्रिल-गेटची कामं, साइटवर उचलून न्यायचं असेल तर डोळे झाकून इन्व्हर्टर, आणि जनरेटरवर चालवणार असाल तर तो साडेसात केव्हीएच्या खाली नको. थ्री फेज आहे, दिवसभर आठ नंबरचा जाड रॉड (४ एमएम) चालणार आहे आणि मशीन एकाच जागी राहणार आहे, तर चांगला कॉपर ट्रान्सफॉर्मर अजूनही परवडतो. कुठलीही घेतली तरी बॉडीला वेगळं अर्थिंग द्या आणि पावसाळ्यात ओल्या हातमोज्याने रॉड बदलू नका, ट्रान्सफॉर्मरच्या होल्डरवर काम नसताना सुद्धा ७०-८० व्होल्ट असतात.