भरती अकॅडमी, साताऱ्याजवळची – ३ स्टार
धाकट्या भावाला ३ महिने ठेवलं होतं. पहाटे साडेचारला शिट्टी, मग १६०० मीटर धावणं, आर्मी भरतीत साडेपाच मिनिटांच्या आत आलास तरच त्याचे पूर्ण ६० मार्क, म्हणून सर स्टॉपवॉच घेऊन सायकलवर मागं. ग्राउंड एक नंबर, पुलअप्स ३ वरून १० झाले राव! जेवण मात्र बेकार, आमटीत डाळ शोधावी लागते.
खरी तक्रार वेगळीय, आर्मी सोडून दुसरं काय सांगतच नाहीत. पोरगं गणित-फिजिक्समध्ये हुशार, नेव्ही एअरफोर्सचं नाव काढलं की "तुमच्या गावात कोण गेलंय नेव्हीत?" अहो अग्निवीर म्हणून नोकरी तिकडंही ४ वर्षंच, पुढं कायम होणार २५ टक्केच, मग निदान टेक्निकल काम तरी शिकेल ना. शेवटी नेव्हीचा फॉर्म घरीच भरला. फी परत मागितली तर सर अजून "उद्या बघू" वरच आहेत.