पेटी झकास, बसवणी अर्धवट

जुनी डीबी (घरातल्या स्विचांची मुख्य वीजपेटी) काढून 12 मॉड्यूलची पत्र्याची पेटी बसवून घेतली. पेटीला नावं ठेवायला जागा नाही. पत्रा जाड, झाकणालाही अर्थिंगचा वेगळा स्टड. बसवणाऱ्याने मात्र तो मोकळाच सोडलेला! आत एखादी वायर सुटून झाकणाला टेकली, तर झटका उघडणाऱ्याला.

आरसीसीबी (जाणारा-परतणारा करंट जुळला नाही की वीज तोडणारा स्विच) 30 मिलिअँपिअरचा, ठीक. पण गीझर लावला की ट्रिप. "गीझरच खराब आहे," असं ऐकवून स्वारी गेली. मी स्वतः जुना वायरमन. मेन बंद करून पाहिलं, तर गीझरची न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, आरसीसीबीच्या आधीच्या बारवर (जोडपट्टीवर)! जाणारा आणि परतणारा करंट जुळणार कसा? शिवाय दिव्यांच्या 1.5 चौरस मिमी वायरवर 32 अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच). म्हणजे आधी वायर जळणार, मग तो पडणार. तिथे 10 चा घालायला लावला.

मोकळ्या खाचांना ब्लँक प्लेटा, वायरींच्या भोकाला रबरी ग्रोमेट (वायर घासू नये म्हणून कडेला बसवायची रिंग) हेही मागितल्यावरच मिळालं.

तीन स्टार. दोन पेटीचे, एक दुसऱ्या फेरीला आलेल्या पोराचा. त्याने न सांगता प्रत्येक स्क्रू पुन्हा आवळला.